मी कारण सांगते, समोरच्याला सबब ऐकू येते

आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. घरात पंचवीस-तीस माणसं, ओट्यावर दोन कुकर, मिक्सर चालू, हॉलमध्ये टीव्ही, पोरं जिन्यात वरखाली, आणि तीन बायका एकाच वेळी मला तीन वेगळी कामं सांगतायत. लग्नानंतरची काही वर्षं मी ते दिवस कसेबसे काढायचे आणि विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी ताप आल्यासारखी पडून राहायचे. मग वयाच्या ३३व्या वर्षी मला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्षावर ताबा राहत नाही तो प्रकार) दोन्ही असल्याचं निदान झालं, आणि त्या वर्षी मी खूप हिंमत करून थोरल्या जाऊबाईंना सांगितलं की वहिनी, खूप आवाज एकदम झाले ना की मला ऐकू तर येतं पण शब्द लागत नाहीत, म्हणून मी मधूनमधून दहा मिनिटं गच्चीवर जाऊन येत जाईन, राग मानू नका. त्या "बरं बरं" म्हणाल्या. मला केवढं हलकं वाटलं होतं त्या दिवशी.

तीन-चार महिन्यांनी सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या खर्चाचा विषय निघाला. कोणी किती द्यायचे ते आधी ठरलं होतं, आतल्या खोलीत, चौघंजण शांतपणे बसून, आणि आता वेगळाच आकडा सांगितला जात होता. मी म्हटलं, असं नव्हतं ठरलं. तर वहिनी म्हणाल्या, "अगं, तूच नाही का म्हणाली होतीस तुला बोललेलं लागत नाही म्हणून? तूच काहीतरी वेगळं ऐकलं असशील." आणि सगळ्यांना ते पटलं. माझ्याकडे मेसेज होता, त्यात आकडा लिहिलेला होता, मी फोन पुढे केला, पण तो बघायची गरजच कोणाला वाटली नाही.

ह्याला काय म्हणायचं ते मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. भांडण म्हणावं तर कोणी आवाज चढवला नव्हता, खोटं म्हणावं तर मी तसं म्हणाले होते हे खरंच होतं. पण जी गोष्ट मी जवळ यायला म्हणून सांगितली तीच माझ्या शब्दाची किंमत कमी करायला वापरली गेली. पुढे इथे इंदूरमध्येच निदान झालेल्या चार-पाच जणांशी बोलणं झालं तेव्हा प्रत्येकाकडे असा एक तरी किस्सा निघाला, कोणाचा ऑफिसातला, कोणाचा बायकोबरोबरचा, एकाचा तर सख्ख्या आईबरोबरचा. म्हणून हे काय होतं आणि का होतं ते सावकाश उलगडून सांगावंसं वाटतंय.

आधी शब्द बघू. न्यूरोडायव्हर्जंट म्हणजे ज्यांचा मेंदू बहुतेकांपेक्षा वेगळ्या रीतीने चालतो अशी माणसं, ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया (वाचण्या-लिहिण्यातली अडचण), टूरेट (आपोआप होणाऱ्या हालचाली नि आवाज) असं बरंच काही त्यात येतं. हा शब्द २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या कॅसिअॅन असासुमासु ह्या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी घडवला, म्हणजे तो डॉक्टरांनी दिलेला नाही, ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यातूनच आलेला आहे, आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. उलट मराठीत ऑटिझमला जो शब्द आहे, स्वमग्नता, तो बघा. मूळ शब्दही तसाच आहे म्हणा, ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः, त्यावरून ऑयगेन ब्लॉयलर ह्या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९११ मध्ये तो वापरला, तोही स्किझोफ्रेनियाबद्दल बोलताना, आणि आज आपण ज्याला ऑटिझम म्हणतो त्याचं वर्णन लिओ कॅनर ह्या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ मध्ये केलं. पण स्वमग्न म्हटलं की आपल्याकडे ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर काय येतं? स्वतःतच बुडालेला, दुसऱ्याची पर्वा नसलेला माणूस. म्हणजे मी तोंड उघडायच्या आधीच निम्मा निकाल लागलेला. घरात मी तो शब्द वापरणंच सोडून दिलंय.

आता ‘कारण’ हा शब्द. एकवचनात तो किती साधा आहे, पाऊस का पडतो त्याचं कारण, दूध का नासलं त्याचं कारण. पण अनेकवचन केलं की लगेच वास बदलतो, "कारणं सांगू नकोस", "कारणं नकोत मला". ‘सबब’चं तर अजून विशेष आहे, मूळ अरबी शब्दाचा अर्थ कारण असाच आहे, आणि जुन्या वळणाच्या दस्तऐवजात अजूनही ‘सबब’ म्हणजे ‘म्हणून’ असंच लिहितात, पण बोलण्यात सबब म्हणजे पळवाट. सरकारी कचेरीतून कागद येतो तो ‘कारणे दाखवा नोटीस’. आणि इथे ऑफिसात निम्मं बोलणं हिंदीत चालतं, तिथे मी काही समजावायला लागले की ऐकायला मिळतं, "मॅडम, सफाई मत दो". म्हणजे मराठी घ्या की हिंदी, स्वतःबद्दल समजावून सांगणारा माणूस भाषेतच आधी आरोपीच्या जागी उभा केलेला आहे. मी रस्ता कळावा म्हणून नकाशा देते आणि समोरचा तो जबानी म्हणून नोंदवून घेतो, बस, सगळा घोळ इथून सुरू होतो.

मग आम्ही एवढं समजावत का बसतो, गप्प का नाही बसत?

एक तर लहानपणापासूनचा अनुभव. माझ्या बाबतीत निदान होईपर्यंत शब्द कोणते होते, तर धांदरट, वेंधळी, तुसडी, आळशी, आणि हुशार असून करत नाही. ह्यातला प्रत्येक शब्द माझ्या हेतूबद्दल काहीतरी सांगतो आणि प्रत्येक वेळी ते चूक असायचं. वीस-पंचवीस वर्षं असं झालं की माणूस आधीच सगळं सांगून टाकायला शिकतो, गैरसमज व्हायच्या आत. दुसरं म्हणजे माझ्या डोक्यात गोष्ट तपशिलातून वर चढते, आधी थेट निष्कर्ष येत नाही, त्यामुळे "उशीर झाला" एवढं सांगणं मला अर्धवट वाटतं, अप्रामाणिक वाटतं, मी चावीपासून सुरू करणार, मग पर्स, मग दार लावलं की नाही ते बघायला परत जाणं, मग पलासियाच्या चौकातला सिग्नल. मला मनापासून असं वाटत असतं की जितकं पूर्ण सांगेन तितका विश्वास बसेल.

आणि बहुतेक लोकांच्या जगात नेमकं उलटं चालतं. तिथे छोटं उत्तर म्हणजे खरं, लांबलचक उत्तर म्हणजे काहीतरी लपवतेय. मला वाटतं ह्या सगळ्यातली सगळ्यात दुःखाची गोष्ट हीच आहे, की मी प्रामाणिकपणा म्हणून जे जे जास्तीचं करते ते ते समोरच्याच्या खात्यात संशय म्हणून जमा होतं, आणि संशय दिसला की मी अजून समजावते.

आता लोक असं का करतात, वाईट असतात म्हणून? बहुतेक वेळा नाही. सामाजिक मानसशास्त्रात एक जुनी गोष्ट आहे, ली रॉस ह्यांनी १९७७ मध्ये तिला नाव दिलं, की दुसऱ्याचं वागणं समजून घेताना आपण परिस्थितीला कमी धरतो आणि स्वभावाला जास्त. दुसरा घसरला तर तो धांदरट, आपण घसरलो तर फरशी ओली होती. हे सगळेच करतात, मीही करते. पण न्यूरोडायव्हर्जंट माणसाची पंचाईत अशी की त्याची ओली फरशी दुसऱ्याला दिसतच नाही. ट्यूबलाइटची गुणगुण मला टोचते, तुमच्यासाठी ती नाहीच. इथल्या सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या बाजारात, दहा-साडेदहाला उभं राहून तुम्ही मित्राशी गप्पा मारता तेव्हा कढईचा आवाज, मागच्या दुकानातली हाक, स्कूटरचा हॉर्न हे सगळं तुमचा मेंदू आपोआप मागे ढकलतो आणि मित्राचं बोलणं पुढे आणतो, माझ्याकडे सगळं एकाच आवाजात येतं. ते मला सांगावंच लागतं, कारण दाखवता येत नाही. आणि जे दाखवता येत नाही ते ऐकणाऱ्याला तुमच्या भरवशावर घ्यावं लागतं.

भरवशाचंच तर सगळं आहे. मिरांडा फ्रिकर नावाच्या ब्रिटिश तत्त्वज्ञ आहेत, त्यांनी २००७ मध्ये एक फार कामाची मांडणी केली, की अन्याय फक्त पैशात नि हक्कात होत नाही, जाणण्याच्या बाबतीतही होतो, आणि तो दोन प्रकारचा. एक म्हणजे बोलणारा कोण आहे हे बघून त्याच्या बोलण्याला कमी वजन देणं. दुसरा म्हणजे आपल्यासोबत काय होतंय ते सांगायला समाजाकडे शब्दच नसणं. मला हे वाचून रडू आलं होतं. ३३ वर्षांपर्यंत माझ्यासोबत दुसरा प्रकार होत होता, शब्द नव्हते, धांदरट नि तुसडी एवढीच पुंजी होती. निदान झालं, शब्द मिळाले, आणि ते शब्द मी वापरले त्या क्षणापासून पहिला प्रकार सुरू झाला. आधी बोलता येत नव्हतं आणि आता बोलले म्हणून माझं बोलणं धरलं जात नाही.

हे फक्त आमचं मनाचं दुखणं नाही, ह्यावर बघितलं गेलंय. २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास छापला, त्यात ऑटिस्टिक आणि इतर माणसांची अगदी छोटी ओळख वेगवेगळ्या रूपात लोकांसमोर ठेवली, कुठे व्हिडिओ, कुठे नुसता आवाज, कुठे फोटो, आणि कुठे फक्त ते काय बोलले ते छापील. व्हिडिओ, आवाज, फोटो ह्यात लोकांचं ऑटिस्टिक माणसांबद्दलचं मत काही सेकंदांतच खराब झालं. फक्त छापील शब्द वाचले तेव्हा तो फरक गेला. ह्याचा अर्थ लक्षात घ्या, ते काय म्हणाले ह्यात काही खोट नव्हती, खोट वाटली ती सूर, नजर, हातवारे ह्यांत. अजून एक अभ्यास ऑस्ट्रेलियातला, २०२२ मध्ये छापून आलेला, त्यात ऑटिस्टिक माणसं खरं बोलत असताना बघणाऱ्यांना ती कमी विश्वासार्ह आणि काहीतरी लपवणारी वाटली. नजर न देणं, चुळबुळ, सपाट सूर ह्या ज्या गोष्टींना आपण खोटेपणाची खूण मानतो त्या आमच्यात रोजच्याच असतात. मग मी कारण सांगते तेव्हा माझ्या शब्दाबरोबर माझा चेहराही साक्ष देत असतो, आणि तो माझ्या विरोधात देत असतो.

पण समजून घेण्यात उणे आम्हीच आहोत असं कोणी म्हटलं तर ते मला मान्य नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की दरी दोन्ही बाजूंनी असते, ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन वाचता येत नाही हे म्हणताना इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचं वाचता येत नाही हे सोईस्कर विसरलं जातं. त्याला डबल एम्पथी प्रॉब्लेम म्हणतात. पुढे २०२० मध्ये कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा प्रयोग केला, आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच चांगली टिकली जितकी एकही ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. जिथे मिसळ होती तिथे ती जास्त गळाली. म्हणजे आमचं सांगणं बिघडलेलं नसतं, गळती होते ती सांध्यावर. मग सांधा दुरुस्त करायचं काम एकट्या आमच्याच गळ्यात का?

आता हे उलटं फिरणं रोजच्या आयुष्यात कसं दिसतं ते सांगते, कारण प्रत्येक वेळी ते माझ्या जाऊबाईंच्या वाक्याइतकं उघड नसतं.

बऱ्याचदा ते बढतीच्या वेळी कळतं. मी आधी जिथे काम करायचे, विजय नगरच्या बाजूचं एक ऑफिस, तिथे मी साहेबांना सांगितलं होतं की तोंडी सूचना माझ्याकडून निसटतात, मीटिंगनंतर दोन ओळी लिहून टाकल्यात तर काम चोख होईल. ते लिहूनही द्यायचे, काम चोख व्हायचंही. वर्षअखेरीला रिपोर्टमध्ये लिहून आलं की हिला सतत हात धरून चालवावं लागतं, क्लायंटसमोर पाठवता येणार नाही. कामात चूक कुठली ते एकही दाखवलं नाही. मी ज्या सोयीमुळे चांगलं काम करत होते तीच सोय मी कमी असल्याचा पुरावा झाली. चष्मा लावून नीट वाचणाऱ्याला कोणी असं म्हणतं का की बघा, ह्याला वाचता येत नाही म्हणून चष्मा लागतो?

कधी ते "तेव्हा बरं जमतं" असं येतं. एडीएचडी म्हणजे लक्षच नसणं असं लोकांना वाटतं, पण खरी अडचण लक्षावरच्या ताब्याची आहे, जिथे हवं तिथे ते नेता येत नाही आणि जिथे लागलं तिथून काढता येत नाही. म्हणून मी रात्री दोनपर्यंत भरतकाम करू शकते आणि विजेचं बिल तीन आठवडे भरू शकत नाही. बाहेरून बघणाऱ्याला हा ढळढळीत पुरावा वाटतो, आवडीचं असलं की होतं म्हणजे बाकीचे बहाणे. तसंच दिवसभर लग्नात हसून बोलले आणि संध्याकाळी घरी आल्यावर कोणाशी एक शब्द बोलता आला नाही की "बाहेरच्यांशी बरी बोलतेस". ते दिवसभरचं बोलणं उसनं काढलेलं होतं आणि संध्याकाळी त्याची परतफेड चालली होती हे मी कितीदा सांगितलं, आणि मग त्यावरही आलंच, म्हणजे तू नाटक करतेस हे तूच कबूल केलंस.

आणि एक प्रकार असा की नाव कळलं की प्रत्येक गोष्ट त्याच नावाखाली जाते. मला राग आला तर ऑटिझम, मला कोणी दुखावलं तर मी जास्त सेन्सिटिव्ह, मी भाजीत मीठ जास्त झालंय म्हटलं तर माझ्या सेन्सरी इश्यूमुळे मला तसं लागतं. वैद्यकातही हे होतं. १९८२ मध्ये स्टीव्हन राइस आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रुग्णाला बौद्धिक अक्षमता आहे असं कळलं की तज्ज्ञसुद्धा त्याच्या दुसऱ्या मानसिक त्रासाला कमी महत्त्व देतात, त्रास तोच वर्णन केलेला असला तरी. एका निदानाची सावली बाकी सगळ्यावर पडते. म्हणून सांगते, पोटात दुखत असेल तर पोटात दुखतंय एवढंच आधी सांगा आणि तपासणी करून घ्याच, "तुम्हाला अँक्झायटी आहे ना" एवढ्यावर उठून येऊ नका.

मात्र हे सगळं नकळत होतं असंही म्हणता येत नाही. काही वेळा समोरचा मुद्दाम करतो. जेनिफर फ्रेड ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये एक नमुना मांडला, की ज्याने दुखावलंय तो आधी नाकारतो, मग उलट चढाई करतो, आणि शेवटी दुखावलेला कोण नि दुखावणारा कोण ह्याची अदलाबदल करतो. ह्यातल्या उलट चढाईला शस्त्र लागतं, आणि न्यूरोडायव्हर्जंट माणसाने विश्वासाने सांगितलेली माहिती हे आयतं शस्त्र असतं. ओळखायचं कसं, तर गैरसमज झालेला माणूस मेसेज दाखवला की बघतो, निदान थांबतो. मुद्दाम करणारा पुरावा बघत नाही, आणि तुमचं कारण त्याला फक्त तुमच्या विरोधात वापरायला आठवतं, तुमच्या सोयीच्या वेळी कधीच आठवत नाही. माझ्या वहिनी मुद्दाम करणाऱ्यातल्या नाहीत असं मला वाटतं, त्यांनी नंतर एकदा गर्दीत मला स्वतःहून बाजूला बसवलं होतं. हा फरक बघायला मला वेळ लागला पण तो बघणं गरजेचं आहे, नाहीतर सगळं जगच शत्रू वाटायला लागतं.

एक गोष्ट आमच्या बाजूचीही सांगायला हवी, नाहीतर हे लिहिणं खरं होणार नाही. मी एकदा आईला राजवाड्यापाशी उन्हात पाऊण तास उभं ठेवलं. पोचले आणि तोंड उघडलं ते थेट समजावायला, वेळेचा अंदाज माझ्या मेंदूला कसा येत नाही, निघायचं ठरवणं आणि प्रत्यक्ष निघणं ह्यात काय होतं, सगळं. आई ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "अगं पण माझे पाय दुखतायत." ते सगळं कारण खरं होतं, तरी त्या क्षणी त्याची जागा नव्हती. माझा हेतू वाईट नव्हता हे एक, आणि तिला त्रास झाला हे दुसरं, पहिल्याने दुसरं पुसलं जात नाही. तेव्हापासून मी आधी त्रासाबद्दल बोलते, "आई, तुला माझ्यामुळे उभं राहावं लागलं, चुकलं माझं, चल आधी बसू कुठेतरी", आणि तिथे थांबते. कारण नंतर, चहा झाल्यावर, तेही तिने विचारलं तर. गंमत नाही सांगत, त्यानंतर आईने मला एकदाही सबबी सांगतेस असं म्हटलेलं नाही.

बाकी मला काय उपयोगी पडलं ते सांगते, प्रत्येकाला पडेल असं नाही.

घटनेच्या आधी सांगितलेलं कारण आणि घटनेनंतर सांगितलेलं कारण ह्यांचं वजन वेगळं असतं. चूक झाल्यावर सांगितलं की बचाव वाटतोच, म्हणून जे सांगायचं ते मी शांत दिवशी सांगते. आणि आता मी कारण कमी आणि गरज जास्त सांगते. "माझी ऑडिटरी प्रोसेसिंग, म्हणजे ऐकलेलं मेंदूत लागण्याची रीत, अशी अशी आहे" ह्याऐवजी "हे मला व्हॉट्सअॅपवर टाकाल का, मग विसरणार नाही". पहिल्या वाक्यात समोरच्याला माझ्यावर निकाल द्यावा लागतो, दुसऱ्यात फक्त हो किंवा नाही म्हणायचं असतं. गरजेला कोणी पुढे पुरावा म्हणून वापरणं जरा अवघड जातं, मेंदूच्या माहितीला फार सोपं जातं.

लिहून ठेवणं हे दुसरं. पैशाचं, कामाचं, कोणी काय कबूल केलं त्याचं, बोलणं झालं की लगेच एक साधा मेसेज, "आपलं असं ठरलं ना?" वर सांगितलेला सॅसनचा अभ्यास आठवा, छापील शब्दांत आमचं बोलणं इतरांइतकंच धरलं जातं. मी अवघड विषय आता शक्यतो लिहूनच काढते.

आणि कोणाला किती सांगायचं. निदान ही माझी खासगी गोष्ट आहे, ती मागितली म्हणून द्यावीच लागते असं नाही. मी आधी छोटी गोष्ट सांगून बघते, की मला फोनपेक्षा मेसेज बरा पडतो. ती त्या माणसाने कशी सांभाळली, चारचौघांत चेष्टा केली का, पुढच्या भांडणात काढली का, ते बघते, मग पुढचं. ऑफिसच्या बाबतीत कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आणि डिस्लेक्सियासारख्या विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत, एडीएचडी नावाने नाही. सरकारी आस्थापनांनी कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यायची हे कलम २० मध्ये स्पष्ट लिहिलंय, आणि समान संधीचं धोरण जाहीर करणं कलम २१ प्रमाणे सगळ्याच आस्थापनांना लागू आहे, खासगीसुद्धा. ते धोरण मागून वाचा, मग ठरवा सांगायचं का आणि कोणाला, आणि सांगितलंच तर ईमेलवर सांगा म्हणजे काय मागितलं नि काय मिळालं त्याची नोंद राहील.

ह्या सगळ्यात एक बोच मला राहतेच. इतकं मोजून मापून बोलायचं, कारण गिळायचं, फक्त गरज पुढे करायची, हेही एक प्रकारे मुखवटा घालणंच आहे, आणि मुखवट्याची किंमत संध्याकाळी माझं अंगच मोजतं. म्हणून जे ऐकणारे आहेत, आईवडील, नवरा-बायको, साहेब, मोठे दीर, त्यांनाही दोन शब्द. तुमच्या माणसाने तुम्हाला आपल्या मेंदूबद्दल काही सांगितलं तर ती ठेव आहे, भांडणात मोडून खायची नाही. ते खरं आहे की नाही हे तपासायला लागू नका, "मग आता काय केलं तर बरं पडेल?" एवढंच विचारा. तुम्हाला त्रास झाला असेल तर तोही सरळ सांगा, लपवू नका, आम्हाला सूचक बोलणं उशिरा कळतं पण सरळ बोललेलं आम्ही फार मनावर घेतो. आणि पैशाचा, जमिनीचा, तक्रारीचा विषय असेल तेव्हा "तुला नीट कळत नाही" हे वाक्य तोंडात आलंच तर आधी समोर धरलेला फोन बघा.

ऑपरेशनचे पैसे शेवटी मी त्यांनी म्हटले तेवढेच दिले. सासरे आता बरे आहेत, स्वतः पेपर वाचतात.

ह्या वर्षी महालक्ष्म्यांना पुरण शिजत होतं, बाहेर आरत्यांची पुस्तकं कोणाकडे गेली त्यावरून गोंधळ चालला होता, आणि मला कळलं की आता शब्द लागेनासे झालेत. मी काही समजावलं नाही. वहिनींना म्हटलं, मी दहा मिनिटं गच्चीवर जाऊन येते. त्यांनी कढईतून मान वर न काढता म्हटलं, "जा, आणि येताना दोरीवरचे टॉवेल घेऊन ये, पाऊस येऊन राहिलाय."